एन्ट्रॉपीची दोन घराणी

फ्रिस्को हे गाव वसलं ते वाफेच्या इंजिनाला पाणी लागत होतं म्हणून. १९०२च्या सुमारास सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वे उत्तर टेक्ससमधून रूळ टाकत होती. इंजिनात पाणी भरायला थांबा हवा होता आणि प्रेस्टन रिजच्या उंचवट्यावर पुरेसं पाणी नव्हतं. म्हणून थांबा काही मैल पश्चिमेला, सखल जागी गेला आणि त्याच्याभोवती वस्ती जमली. गावाला आधी एमर्सन हे नाव द्यायचं ठरलं होतं. पोस्ट खात्यानं ते नाकारलं, तेव्हा गावानं रेल्वेचंच लाडकं नाव घेतलं. इथल्या अमेरिकन रेलरोड म्युझियममध्ये आज युनियन पॅसिफिकचं ‘बिग बॉय’ ४०१८ उभं आहे. १९४१ साली बांधलेलं हे धूड टेंडरसकट १३२ फूट लांब आहे. त्याच्या बॉयलरमध्ये दर चौरस इंचाला ३०० पौंड दाबाची वाफ असे. त्याच्या शेजारी उभं राहिलं की माणूस जेमतेम चाकाच्या उंचीचा आहे हे लक्षात येतं.

जनगणनेप्रमाणे २००० साली या गावात ३३,७१४ माणसं होती, २०२० साली २,००,५०९. वाढलेल्यांत आपल्याकडची कुटुंबं भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच मराठी घरांत इंजिनिअर एक नाही, दोन असतात. एकानं पुण्यात किंवा सांगलीत मेकॅनिकल केलेलं असतं. स्टीम टेबल आणि मॉलियर चार्ट घेऊन पेपर दिलेले असतात. त्या टेबलात एन्ट्रॉपीचा स्वतंत्र रकाना असतो, एकक किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन. दुसरी व्यक्ती डेटा सायन्समध्ये असते. तिच्या कोडमध्ये रोज ‘क्रॉस-एन्ट्रॉपी’ येते, पासवर्डची ताकद एन्ट्रॉपीच्या बिटांत मोजली जाते, आणि त्यात तापमानाचा कुठे मागमूस नसतो. ‘अगं, एन्ट्रॉपी म्हणजे क्यू भागिले टी, त्यात बिट कुठून आले?’ असा वाद जेवणाच्या टेबलावर सुरू झाला तर तो पोळ्या संपेपर्यंत मिटत नाही. मिटणारही नाही, कारण दोघंही आपापल्या घराण्याचं बरोबरच सांगत असतात.

मूळ पुरुष शोधायचा तर १८२४ सालच्या पॅरिसमध्ये जावं लागतं. सादी कार्नो हा २८ वर्षांचा फ्रेंच लष्करी इंजिनिअर. इंग्लंडची वाफेची इंजिनं फ्रान्सपेक्षा सरस का, या सलत्या प्रश्नापायी त्यानं एक छोटं पुस्तक काढलं. उष्णता म्हणजे एक प्रकारचा द्रव, अशी त्या काळची समजूत होती आणि कार्नोही तीच धरून चालला होता. तरी त्यानं काढलेला निष्कर्ष आजही टिकून आहे. इंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळेल हे फक्त दोन तापमानांवर ठरतं: उष्णता जिथून घेतली तिथलं आणि जिथे टाकली तिथलं. बिग बॉयच्या दाबाला पाणी साधारण २१७ अंश सेल्सिअसला उकळतं. वाफ बाहेर पडते शंभर अंशांच्या आसपास. एवढ्या दोन आकड्यांवरून कमाल कार्यक्षमता २४ टक्के येते. वाफ आणखी तापवली तर ही मर्यादा थोडी वर सरकते, पण रुळांवरची वाफेची इंजिनं प्रत्यक्षात बहुतेक दहा टक्क्यांच्या आतच राहिली. कार्नो १८३२ साली कॉलऱ्यानं गेला, वयाच्या ३६व्या वर्षी. त्याच्या पुस्तकाकडे हयातीत फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

त्यातला सिद्धांत दुरुस्त केला रुडॉल्फ क्लॉझियसनं. उष्णता द्रव नाही, ती ऊर्जा आहे, इंजिनात तिचा काही भाग कामात खर्ची पडतो, हे त्यानं १८५० साली कार्नोच्या निष्कर्षाशी जुळवून दाखवलं. उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही, हे त्याचं विधान इतकं साधं आहे की ते सिद्धांत म्हणून मांडावं लागलं याचंच नवल वाटतं. पुढची पंधरा वर्षं तो एका गुणोत्तराच्या मागे होता: दिलेली उष्णता भागिले ती दिली तेव्हाचं तापमान. १८६५ साली झुरिकमध्ये वाचलेल्या निबंधात त्यानं त्या राशीला ‘एन्ट्रॉपी’ असं नाव दिलं. परिवर्तन या अर्थाचा ग्रीक शब्द त्यानं घेतला आणि तो मुद्दाम ‘एनर्जी’ला जवळचा वाटेल असा घडवला, कारण या दोन राशी त्याला जुळ्या वाटत होत्या. विश्वातली ऊर्जा कायम राहते, विश्वाची एन्ट्रॉपी कमालीकडे जाते, असं त्यानं त्या निबंधाच्या शेवटी म्हटलं.

हे गुणोत्तर पाहायला इंजिन लागत नाही. ऑगस्टमध्ये फ्रिस्कोच्या एखाद्या पॅटिओवर आइस टीचा पेला ठेवला आहे, बाहेर ३५ अंश, पेल्यात २० ग्रॅमचा बर्फाचा खडा. तो वितळायला सुमारे ६,६८० ज्यूल उष्णता लागते. बर्फ ही उष्णता २७३ केल्विनला घेतो, म्हणजे त्याची एन्ट्रॉपी २४.५ ज्यूल प्रति केल्विननं वाढते. तीच उष्णता शेवटी बाहेरच्या हवेनं ३०८ केल्विनला दिलेली असते, तेव्हा हवेची घट फक्त २१.७. वजाबाकी केली की २.८ शिल्लक राहतात. हे २.८ कुठून ‘आले’ नाहीत, ते तिथेच तयार झाले. बर्फाचा खडा पुन्हा गोठवायचा तर फ्रिजच्या कॉम्प्रेसरला वीज मोजावी लागेल आणि फ्रिजच्या मागच्या जाळीतून आणखी एन्ट्रॉपी स्वयंपाकघरात पडेल. क्लॉझियसच्या घराण्याचा कुळाचार हा असा: ही राशी उष्णतामापकानं मोजता येते, तिला ज्यूल प्रति केल्विन हे एकक असतं, आणि बंदिस्त व्यवस्थेत ती कधी कमी होत नाही. मोजलेलं नेमकं काय, याचं उत्तर मात्र क्लॉझियसकडे नव्हतं.

ते उत्तर लुडविग बोल्ट्झमनकडून आलं, आणि ते मोजदादीच्या रूपात आलं. बाहेरून पाहिलं तर वायूचा दाब, तापमान, आकारमान एवढंच दिसतं. आत अब्जावधी अणू इकडून तिकडे धावत असतात. बाहेरून सगळं असंच दिसावं अशा आतल्या मांडण्या किती आहेत? १८७७ साली त्यानं दाखवलं की एन्ट्रॉपी म्हणजे या संख्येचा लॉगरिदम, एका स्थिरांकानं गुणलेला. व्हिएन्नाच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर ‘एस = के लॉग डब्ल्यू’ कोरलं आहे, पण त्या रूपात हे समीकरण त्यानं स्वतः लिहिलं नव्हतं, ते भौतिकशास्त्रज्ञ प्लांकनं १९००च्या सुमारास लिहिलं. अणू खरेच असतात यावर त्या वेळी सगळ्यांचा विश्वास नव्हता. १९०६ साली बोल्ट्झमननं आजच्या इटलीच्या किनाऱ्यावर, दुइनोला, आत्महत्या केली. इकडे अमेरिकेत, येल विद्यापीठात, विलर्ड गिब्जनं १९०२ च्या पुस्तकात हीच मोजदाद अधिक व्यापक केली. सगळ्या मांडण्या सारख्याच शक्य नसतील तर प्रत्येकीची शक्यता घ्यायची, तिला तिच्या लॉगनं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि उणे चिन्ह द्यायचं. ही बेरीज लक्षात ठेवायला हवी, पुढे तिच्यावरूनच सगळा घोळ झाला आहे.

इथे एक तक्रार नोंदवतो. शाळेत एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था असं सांगतात आणि पसरलेल्या खोलीचं चित्र काढतात. या व्याख्येनं जेवढी दिशाभूल केली आहे तेवढी कुठल्याच व्याख्येनं केली नसेल. खोली पसरली म्हणून उष्णतामापकावर काही उमटत नाही. उलट, बर्फाचा स्फटिक पाहायला नीटनेटका असतो, पण त्याचं गणित जमत नव्हतं. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन असतात, दोन जवळचे, दोन लांबचे. कुठले दोन जवळ, हे ठरलेलं नसतं. लिनस पॉलिंगनं १९३५ साली हिशेब मांडला की या अनिश्चिततेमुळे दर रेणूमागे सरासरी दीड पर्याय उरतात, म्हणजे अतिशीत बर्फातही एक मोलमागे ३.३७ ज्यूल प्रति केल्विन एवढी एन्ट्रॉपी शिल्लक राहायला हवी. पुढच्याच वर्षी बर्कलीमध्ये जिऑक आणि स्टाउट यांनी बर्फ अगदी कमी तापमानापासून तापवत मोजमाप केलं. आकडा आला ३.४ च्या जवळ. कागदावर मांडण्या मोजणारा आणि थर्मामीटर वाचणारा एकाच आकड्यावर पोचले. माझ्या मते या साऱ्या कथेतला हा सगळ्यात देखणा प्रसंग आहे, आणि पाठ्यपुस्तकं तो तळटीपेत ढकलतात.

आता दुसरं घराणं. त्याचं मूळ तारेच्या धंद्यात आहे. एका तारेवरून सेकंदाला किती मजकूर पाठवता येईल हा टेलिफोन कंपनीचा नफ्या-तोट्याचा प्रश्न होता. बेल कंपनीच्या हॅरी नायक्विस्टनं १९२४ साली आणि राल्फ हार्टलीनं १९२८ साली त्यावर लिहिलं. हार्टलीचं म्हणणं असं की संदेशाचा अर्थ बाजूला ठेवा. किती शक्य संदेशांमधून हा एक निवडला गेला ते पाहा आणि त्या संख्येचा लॉग घ्या. बोल्ट्झमनचा लॉग इथे पुन्हा उगवला, पण हार्टलीला उष्णतेशी काही देणंघेणं नव्हतं. लॉग एवढ्यासाठी की दोन तारा घेतल्या तर क्षमता दुप्पट दिसावी.

क्लॉड शॅनन त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेतला. युद्धकाळात तो गुप्तलेखनावर काम करत होता, आणि संदेश लपवण्याचं गणित व संदेश पाठवण्याचं गणित एकच आहे हे त्याच्या ध्यानात आलं. १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या नियतकालिकात त्याचा दीर्घ निबंध दोन भागांत छापून आला. सगळे संदेश सारखे संभाव्य नसतात, तेव्हा प्रत्येकाची शक्यता गुणिले तिचा लॉग, सगळ्यांची बेरीज, उणे चिन्ह. गिब्जचीच बेरीज, फक्त पुढचा स्थिरांक गेला आणि लॉग दोनच्या पायावर आला. एककाला त्यानं ‘बिट’ म्हटलं. हा शब्द जॉन ट्यूकीचा आहे असंही प्रामाणिकपणे सांगितलं.

नाव कुठून आलं याची एक गोष्ट फार फिरते. मायरन ट्रायबस या इंजिनिअरनं ती १९७१ साली एका लेखात छापली. शॅनन या राशीला काय म्हणावं या विचारात होता, तेव्हा जॉन फॉन नॉयमननं त्याला एन्ट्रॉपी म्हणायला सांगितलं. कारणं दोन दिली. एक, हे सूत्र त्या नावानं आधीच वापरात आहे. दुसरं, एन्ट्रॉपी म्हणजे नेमकं काय हे कुणालाच कळलेलं नाही, त्यामुळे वादात तूच जिंकशील. गोष्ट छान आहे आणि फॉन नॉयमनच्या तोंडी शोभते. क्वांटम यंत्रशास्त्रातली एन्ट्रॉपीची व्याख्या त्याचीच आहे. पण दत्तकविधान चोरून झालेलं नव्हतं. शॅननच्या निबंधातच स्पष्ट लिहिलं आहे की हे रूप सांख्यिकी यंत्रशास्त्रातल्या एन्ट्रॉपीचं आहे, आणि त्यानं वापरलेलं ‘एच’ हे अक्षर बोल्ट्झमनच्या प्रसिद्ध प्रमेयातलंच. तळटीपेत टोलमनच्या पुस्तकाचा हवालाही आहे.

शॅननची एन्ट्रॉपी हातात घेऊन पाहायला फ्रिस्कोचा उन्हाळा बरा. समजा, सोळांपैकी एक दिवस पाऊस आणि पंधरा दिवस ऊन, आणि रोज सकाळी कुणीतरी आपल्याला यातलं काय होणार ते कळवतं. ‘ऊन’ या निरोपातून मिळणारी माहिती एक दशांश बिटाहूनही कमी, कारण ते आपण गृहीतच धरलेलं असतं. ‘पाऊस’ मात्र पुरे चार बिट देतो. दोन्हींची सरासरी येते ०.३४ बिट. नाणेफेकीचा निकाल कळवायला एक पूर्ण बिट लागतो, इथे एक तृतीयांश पुरतो. म्हणजे वर्षभराच्या अशा नोंदी हुशारीनं दाबून ठेवल्या तर जागा तिपटीनं कमी लागेल, त्याहून कमी मात्र कुठल्याही युक्तीनं लागणार नाही. झिप फाइलची तळरेषा ती हीच. कौटुंबिक ग्रुपवर रोज सकाळी येणारा फुलांचा ‘सुप्रभात’ याच हिशेबात शून्याला टेकतो. काकूंना हे सांगू नये.

इथे दोन्ही घराण्यांतला फरक उघड दिसतो. एक किलो वाफेच्या जोडीला आणखी एक किलो आणली तर एन्ट्रॉपी दुप्पट होते. एक संदेश शंभर ग्रुपांवर पुढे ढकलला तर शॅननची एन्ट्रॉपी तसूभर वाढत नाही, कारण पहिल्या प्रतीनंतर अनिश्चित काही उरलेलं नसतं. क्लॉझियसची राशी काळाबरोबर वाढते आणि तिच्यावरून आधी काय घडलं, नंतर काय, हे सांगता येतं. शॅननच्या राशीवर काळाचा असा काही नियम नाही. ती वाढू शकते, घटू शकते, तुम्ही गुपित कळवलं की नाहीशी होते. आणि मुख्य म्हणजे ती विचारणाऱ्याच्या प्रश्नावर अवलंबून आहे. हाच पाऊस मिलिमीटरमध्ये कळवायचा ठरवला तर आकडा बदलेल. स्टीम टेबलातली एन्ट्रॉपी कुणी काय विचारलं यावर बदलते का? मेकॅनिकलवाले ठामपणे नाही म्हणतील. पण त्यांच्याच टेबलात ०.०१ अंशाच्या पाण्याची एन्ट्रॉपी शून्य धरलेली असते, केवळ सोय म्हणून. पूर्ण शून्यापासून मोजली तर साध्या खोलीतल्या पाण्याची एन्ट्रॉपी किलोमागे ३.९ किलोज्यूल प्रति केल्विनच्या घरात जाते. टेबल तिथे ०.३७ दाखवतं. टर्बाइन चालवायला फरक तेवढे लागतात, म्हणून हे खपून जातं.

१९५७ साली एडविन जेन्स या भौतिकशास्त्रज्ञानं उलट दिशेनं वाट काढली. शॅननची राशी ही मूळ, आणि उष्णतेची तिची एक खास शाखा, असं त्यानं मांडलं. वायूचं तापमान, दाब, आकारमान एवढंच ठाऊक आहे. ‘आतली नेमकी मांडणी कोणती?’ हा प्रश्न शॅननच्या पद्धतीनं विचारला की जे उत्तर येतं तीच बोल्ट्झमन-गिब्जची एन्ट्रॉपी, फक्त एकक बदलून. एकक बदलायचा दरही ठरलेला आहे. बोल्ट्झमनचा स्थिरांक २०१९ पासून व्याख्येनंच १.३८०६४९ गुणिले दहाचा उणे तेविसावा घात इतका धरला जातो. त्यावरून एक बिट म्हणजे साधारण ९.६ गुणिले दहाचा उणे चोविसावा घात ज्यूल प्रति केल्विन. आपला बर्फाचा खडा या दरानं बदलून घेतला तर वितळताना तो सुमारे अडीच गुणिले दहाचा चोविसावा घात इतके बिट मिळवतो. एक टेराबाइटच्या ३२ हजार कोटी डिस्क भरतील एवढे. रेणूमागे भाग दिला तर मात्र ३.८ बिट, म्हणजे चारही नाहीत. गोठलेल्या रेणूची जागा ठरलेली होती, आता तो कुठे आहे हे सांगायला चार बिटांच्या आत माहिती जास्त लागते, एवढंच वितळणं. मला हे समीकरणांपेक्षा जास्त पटतं.

जेन्सचं म्हणणं सगळ्यांना पटलं असं नाही. एन्ट्रॉपी आपल्या अज्ञानावर अवलंबून असेल तर आपण डोळे मिटल्यानं पेल्यातला बर्फ लवकर वितळेल काय, असा टोमणा येतो. तो तितकासा खरा नाही. दाब आणि तापमान एवढंच हाताळू शकणाऱ्या कुणालाही एकच आकडा मिळतो, त्यात व्यक्तिगत काही नसतं. तरी नावाच्या जोरावर एन्ट्रॉपी जिथे तिथे घुसवण्याचा धंदा खुद्द शॅननलाच खुपला. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, सगळीकडे आपलं गणित लावलं जाताना पाहून त्यानं १९५६ साली एक पानभर टिपण लिहून लोकांना आवरतं घ्यायला सांगितलं.

दोन घराण्यांत नुसतं नावाचं नातं आहे की रक्ताचं, याचा निकाल लावायला एक राक्षस लागला. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६७ साली एका पत्रात ही कल्पना लढवली. भिंतीत एक झडप, तिच्यापाशी एक चिमुकला जीव. तो वेगवान रेणू एकीकडे आणि सावकाश रेणू दुसरीकडे सोडत राहिला तर काही काम न करता एक बाजू तापेल, दुसरी गार होईल. क्लॉझियसचा नियम धाब्यावर बसेल. ‘राक्षस’ हे नाव भौतिकशास्त्रज्ञ केल्विनचं. लिओ झिलार्डनं १९२९ साली हा राक्षस एका रेणूपर्यंत खाली आणला. पेटीत एकच रेणू आहे, मध्ये पडदा सरकवा, रेणू डावीकडे की उजवीकडे ते पाहा आणि त्या बाजूनं पडदा ढकलू द्या. एवढ्या एका हो-नाही उत्तराचं मोल खोलीच्या तापमानाला साधारण २.९ गुणिले दहाचा उणे एकविसावा घात ज्यूल काम. बिट हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी झिलार्डनं बिटाची किंमत ज्यूलमध्ये लिहून ठेवली होती.

मग नियम मोडला का? झिलार्डला वाटलं, पाहण्यातच तेवढा खर्च होत असणार. रोल्फ लँडाउअर या आयबीएमच्या माणसानं १९६१ साली वेगळं सांगितलं: खर्च पुसण्याला आहे. एक बिट आधी काहीही असो, तो शून्यावर आणायचा, तर निदान तेवढी उष्णता बाहेर टाकावीच लागते. त्याचा सहकारी चार्ल्स बेनेट यानं १९८२ साली हे राक्षसाला लावलं. राक्षस कितीही हुशार असला तरी त्याची वही कधीतरी भरणार, आणि वही कोरी करताना कमावलेलं सगळं परत द्यावं लागणार. २०१२ साली ल्योंमधल्या गटानं लेसरच्या दोन खळग्यांत दोन मायक्रोमीटरची काचेची गोटी धरून एक बिट प्रत्यक्ष पुसला आणि बाहेर पडलेली उष्णता मोजली. पुसायला जितका जास्त वेळ दिला तितकी ती लँडाउअरच्या आकड्याकडे उतरत गेली, पण त्याच्या खाली गेली नाही. नातं सिद्ध झालं ते इथे. सूत्र सारखं दिसतं म्हणून नव्हे, एका घराण्याचं देणं दुसऱ्या घराण्याच्या नाण्यात चुकवावं लागतं म्हणून.

या ठिकाणी आमच्या भागातला एक गैरसमज दूर करायला हवा. फ्रिस्कोहून अर्ध्या-पाऊण तासावर डॅलसमध्ये १९५८ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बीनं पहिली इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवली. त्याच उद्योगावर इथल्या बऱ्याच घरांचे हप्ते चालतात. ‘डेटा सेंटर तापतं ते माहितीच्या एन्ट्रॉपीमुळे’ असं मोठ्या थाटात सांगणारी मंडळी भेटतात. आजच्या चिपा एकेका बिटामागे लँडाउअरच्या मर्यादेच्या हजारो पट ऊर्जा उधळतात. ती उष्णता तारांच्या रोधाची आणि ट्रान्झिस्टरच्या गळतीची आहे. लँडाउअरचा आकडा हा कधीतरी गाठायचा तळ आहे, महिन्याच्या विजेच्या बिलाचं कारण नव्हे.

एन्ट्रॉपीच्या या कथेतला टेक्ससचा खरा हिस्सा वेगळाच आहे, आणि तो कृष्णविवरांचा. १९६३च्या डिसेंबरात, केनेडींच्या हत्येला महिनाही झाला नव्हता तेव्हा, डॅलसमध्ये पहिला टेक्सस परिसंवाद भरला. सापेक्षतावादी आणि खगोलशास्त्रज्ञ प्रथमच असे एकत्र आले. त्याच सुमारास वोल्फगांग रिंडलर इथे आला. बोल्ट्झमनच्या व्हिएन्नात १९२४ साली जन्मलेला आणि नाझींपासून वाचवण्यासाठी लहानपणी इंग्लंडला धाडलेला हा गणिती. ज्यापलीकडचं काहीच आपल्यापर्यंत कधी पोचू शकत नाही अशा सीमेला ‘इव्हेंट होरायझन’ हे नाव त्यानं १९५६ साली दिलं होतं. पुढे तो रिचर्डसनच्या यूटी डॅलसमध्ये आयुष्यभर शिकवत राहिला, २०१९ साली वारला. फ्रिस्कोतली आपली मुलं ज्या कॉलेजात घरून ये-जा करतात, ते हेच.

कृष्णविवराभोवतीच्या अशा क्षितिजाला एन्ट्रॉपी असते हे प्रथम म्हणाला जेकब बेकनस्टाइन. प्रिन्स्टनमध्ये त्याचे गुरू जॉन व्हीलर यांनी त्याला खोड काढावी तसं विचारलं होतं: गरम चहाचा कप थंड कपाशेजारी ठेवून मी विश्वाची एन्ट्रॉपी वाढवतो, पण दोन्ही कप कृष्णविवरात फेकले तर पुरावा नाहीसा होतो, नाही का? डॉक्टरेटनंतर बेकनस्टाइन ऑस्टिनला, टेक्सस विद्यापीठात आला. त्याचा १९७३ चा निबंध प्रिन्स्टन आणि ऑस्टिन या दोन्ही पत्त्यांवरून निघाला आणि त्यात त्यानं क्लॉझियसबरोबर शॅननलाही साक्षीला बोलावलं. एक कण आत पडला म्हणजे निदान एक बिट माहिती हरवली, तेव्हा क्षितिजाचं क्षेत्रफळ निदान इतकं वाढेल, असा त्याचा हिशेब. हॉकिंगनं आधी विरोध केला, मग १९७४ साली स्वतःच दाखवलं की कृष्णविवराला तापमान असतं आणि योग्य एककांत एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या एक चतुर्थांश असते. बेकनस्टाइनचा एका बिटावरून काढलेला गुणांक नऊपटीनं कमी पडला, पण क्षेत्रफळाशी प्रमाण त्याचंच खरं ठरलं.

इथून पुढच्या पिढीत मराठी नावही येतं. खानदेशातल्या शिरपूरला १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर गुरुत्वाकर्षण शिकायला आधी ऑस्टिनलाच आले, मग शिकागोला जाऊन १९७४ साली डॉक्टर झाले. १९९८ साली त्यांनी बाएझ, कोरिची आणि क्रास्नोव्ह यांच्यासह क्षितिजाच्या क्वांटम भूमितीतल्या मांडण्या मोजल्या, बोल्ट्झमननं वायूच्या मोजल्या तशा, आणि क्षेत्रफळाशी प्रमाण असलेलं उत्तर काढलं. एक चतुर्थांश हा गुणांक येण्यासाठी मात्र त्या सिद्धांतातला एक स्थिरांक तसा निवडून घ्यावा लागतो. त्याआधी दोन वर्षं स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी स्ट्रिंगच्या सिद्धांतातून एका खास जातीच्या कृष्णविवरासाठी तोच चतुर्थांश काहीही न जुळवता काढला होता, पण ती जात आकाशात आढळणारी नव्हे. पुण्यात आयुकामध्ये थाणू पद्मनाभन यांनी तिसरी वाट धरली. त्वरणानं जाणाऱ्या कुणाही निरीक्षकाला जे क्षितिज दिसतं, ज्याला रिंडलरचंच नाव आहे, त्याच्यापाशी आइन्स्टाइनची समीकरणं थर्मोडायनॅमिक्सच्या नियमाच्या रूपात लिहिता येतात हे त्यांनी दाखवलं. २०२१ साली निधन होईपर्यंत ते त्यावर लिहीत होते.

तिन्ही वाटांवर मोजल्या जाणाऱ्या मांडण्या वेगवेगळ्या आहेत: एकीकडे क्षितिजाला टोचणाऱ्या भूमितीच्या रेषा, दुसरीकडे स्ट्रिंगच्या अवस्था, तिसरीकडे अवकाशाचे अजून नाव नसलेले घटक. कृष्णविवराची क्लॉझियसवाली एन्ट्रॉपी हाती आहे, तिचा आकडाही कुणी नाकारत नाही. पण ती कशाच्या मांडण्यांचा लॉग आहे, म्हणजे शॅननच्या भाषेत प्रश्न कोणता विचारला आहे, यावर या मंडळींचं एकमत झालेलं नाही. १८६५ ते १८७७ या बारा वर्षांत वाफेच्या बाबतीत हीच अवस्था होती.